दहाच्या कार्यक्रमाची गुलबक्षी

शाहूपुरीतल्या त्या बागेत जयसिंगनं चौतीस वर्षं माळीकाम केलं. एवढ्या काळात साहेब लोकांनी त्याला पुष्कळ सांगितलं, विचारलं मात्र कधी काही नाही. त्यामुळे निवृत्तीला महिना उरला असताना नव्या साहेबांनी एका संध्याकाळी, "जयसिंग, शहराचं मानचिन्ह म्हणून कुठलं फूल घ्यावं?" असं विचारलं, तेव्हा त्यानं आधी मागं वळून बघितलं. मागं दुसरा कुणी जयसिंग नव्हता.

मग त्यानं कुंपणाकडं बोट केलं. "गुलबक्षी घ्या की साहेब. बंगल्याच्या दारात हाय, आमच्या मोरीपाशीबी हाय. कुणी लावत न्हाय, तरी हाय."

कुंपण त्या वेळी फुलांनी भरून गेलं होतं. साहेबांना पटलं, महापालिकेच्या समितीलाही पटलं. फलकाचा मजकूर साहेबांनी स्वतः लिहिला आणि उद्घाटन ठेवलं सकाळी दहाला.

गुलबक्षी उमलते दुपारी चारनंतर. हे सांगायला हवं असं जयसिंगच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. म्हैस दूध देते हे काय कुणी कुणाला सांगतं? पण साहेब पडले परगावचे. उद्घाटनाच्या सकाळी मिटलेल्या कळ्या बघून त्यांचा चेहरा उतरला.

"फुलं कुठायत?"

"येत्यात की. चारला."

"प्रमुख पाहुण्या जायच्या आत उमलली नाहीत, तर समिती गुलाब घेणार. कुंड्या गाडीत तयार आहेत."

जयसिंगची सगळी भिस्त पाहुण्यांच्या उशिरावर होती. दहाच्या कार्यक्रमाला एकच्या आधी पाहुणा आलेला त्यानं बघितला नव्हता. नेमक्या गडहिंग्लजच्या शिवलीलाबाई, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, दहाला पाच कमी असताना हजर.

जयसिंगनं हात जोडले. "पावणं, जेवल्याबिगर पडदा सरकवायचा न्हाय. आमच्यात पद्धत हाय तशी."

ही पद्धत त्या क्षणी जन्माला आली होती. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं आणि मग मान डोलवली.

बागेमागंच जयसिंगची खोली. कार्यक्रमानंतरच्या जेवणासाठी बायकोनं, शेवंताबाईनं, पहाटेपासून मटण, तांबडा-पांढरा रस्सा सगळं रांधून ठेवलं होतं. शिवलीलाबाई हळूच म्हणाल्या, "मी मटण खात नाही हो." शेवंताबाईचा चेहरा पडला, जयसिंगचा खुलला.

"मग पुरणपोळ्या कर की. डाळ शिजाय घाल."

"तुमच्या फुलापायी माझा जीव जाणार एक दिवस," शेवंताबाई म्हणाली आणि डाळ निवडायला बसली.

मटणाचा समाचार साहेबांनी एकट्यानं घेतला आणि खाटेवर घोरू लागले. डाळ शिजली, पुरण वाटून झालं, पोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली. बाई सावकाश जेवल्या. जयसिंग दर दहा मिनिटांनी कुंपणापाशी जाऊन येत होता. कळ्या जशाच्या तशा. तीन वाजता सुपारीसुद्धा संपली आणि बाई पदर सावरत उठल्या. उभ्या जन्मात एकदा कुणी त्याचं मत घेतलं होतं आणि तेही आता गुलाबाच्या घशात जाणार होतं.

"बाईसाब, खोटं बोललो. पद्धत-बिद्धत काय न्हाय. फूल चारला उमलतंय म्हणून थांबवलं."

"मला ठाऊक आहे. तीस वर्षं तेच शिकवलं."

"मग आदी का न्हाय बोलला?"

"पुरण शिजत होतं की," बाई म्हणाल्या. "मी पाय मोकळे करायला उठले. बसते अजून."

चार वाजून गेल्यावर साहेबांना उठवून सगळे बागेत आले. कुंपणावर गुलाबी, पिवळी, पांढरी फुलं उघडत होती. बाईंनी फलकावरचा पडदा सरकवला आणि मोठ्यानं वाचलं, "सूर्योदयासवे उमलणारी गुलबक्षी, प्रगतीचे प्रतीक."

साहेब आपले बूट बघत राहिले.

"ज्यानं फूल सुचवलं, त्यानंच अर्थ सांगावा," बाई म्हणाल्या.

जयसिंगला भाषण ठाऊक नव्हतं. "आमच्या आईकडं घड्याळ नव्हतं. दुसऱ्याच्या रानात भांगलायची. बांधावरची गुलबक्षी उमलली की खुरपं ठिवून घरला यायची. आमी भावंडं दारात वाट बघत बसायचो. आर्थ म्हंजे, आता घरला या. एवढाच."

साहेबांनी गुलाबाची गाडी परत पाठवली आणि म्हणाले, "जयसिंग, आज पाचपर्यंत थांबू नका. घरी जा."

चौतीस वर्षांत कुणी त्याला असं म्हटलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

"व्हय, चला की," शेवंताबाई म्हणाली. "सगळी भांडी तुमीच घासायची हायत."