लेकीचा शब्द

नुंगंबाक्कमहून सिरुसेरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. पन्नाशीची, केसांत मोगरा. या तमिळ शहरात माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच होती, तरी तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिचं मराठी तंजावरचं, जुन्या वळणाचं, बोलताना तमिळ हेल काढणारं.

ती फोनवर इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ खेळायची. खेळात समोर परदेशातली तिची लेक. दोघींचं काहीतरी बिनसलं होतं. लेक फोन उचलत नसे, पण खेळ तिने सोडला नव्हता.

"रोज शब्द येतो, म्हणजे बरी आहे," ती म्हणायची.

क्यू, झेड, एक्स अशा अडचणीच्या अक्षरांना गुण जास्त, म्हणून लेक त्यांचेच छोटे, विचित्र शब्द लावायची. ही प्रत्येकाचा अर्थ शोधून मला सांगायची. 'क्यू-आय' म्हणजे प्राणशक्ती. 'झॅक्स' म्हणजे छपराच्या फरशा तोडायचं हत्यार.

एका सकाळी तिने मला शब्द सांगितलाच नाही.

"आज शब्द नाही आला?" मी विचारलं.

"आला की." तिने फोन माझ्यापुढे धरला. 'जे' आणि 'ओ', दोनच अक्षरं. "'जो'. स्कॉटलंडात जिवलगाला असं म्हणतात म्हणे."

"लेकीला ठाऊक असेल?"

"नसेल. गुणांसाठी लावला असेल." तिने पदराने स्क्रीन पुसली. "पण लावला माझ्यासमोर ना."

सिरुसेरी येईपर्यंत तिने आपला शब्द लावला नाही. तो एकच शब्द बघत बसली.