लेकुरवाळीचं माहेर

तुळसाकाकी मानपाड्याच्या नाक्यावर पावसाळाभर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकते. शेताच्या जागी टॉवर उभा राहिला, मुलगा परशुराम तिला गाडीतून सोडायला येतो, पण बाईची टोपली काही सुटत नाही. मी तिचं जुनं गिऱ्हाईक. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे घासाघीस करता करता भाषणही देते. ती बिचारी दोन्ही ऐकून घेते.

तिच्या एका नियमाची मला फार चीड यायची. पोटाखाली पिल्लं असलेली चिंबोरी टोपलीत निघाली की ती विकत नसे. "लेकुरवाळी हाय गो," म्हणायची आणि जिथून आणली त्याच ओढ्यात परत सोडून यायची. याला ती 'माहेरी धाडणं' म्हणे. अभ्यासासाठी मागितली तरी साफ नकार.

आणि माझा सगळा अभ्यास तर त्या पोटाखालीच होता. खाडीतल्या चिंबोरीची पिल्लं पाण्याबरोबर लांब वाहत जातात. डोंगरातलीची पिल्लं आईला चिकटून राहतात आणि पुढे त्याच ओढ्याकाठी बिळं करतात. मधली जमीन झिजून एका डोंगराचे दोन झाले, की इकडच्यांची तिकडच्यांशी सोयरीक थांबते. हजारो पिढ्या जातात, नांग्या बदलतात, रंग बदलतो, आणि शेवटी समोरासमोर आणली तरी जोडी जमत नाही. एका घराण्याच्या दोन प्रजाती झालेल्या असतात.

शीळफाट्याकडच्या एका डोंगरातली जांभळ्या नांग्यांची चिंबोरी मला अशीच नवी फांदी वाटत होती. काकीकडून घेतलेल्या दोन माझ्या स्पिरिटच्या बरणीत होत्या, पण खात्री करायला जिवंत हव्या होत्या. मी गेले तर डोंगरच सपाट. आजूबाजूचे सगळे ओढे धुंडाळले, एक सापडली नाही. बारशाआधीच गेली बिचारी.

काकीला सांगताना रडू आलं आणि रागही. "एक तरी लेकुरवाळी मला दिली असतीस!"

काकीने मान खाली घातली. "शेवटची एक व्हती गो. तिला माहेरी नाय धाडता आली. डोंगुरच फोरला, कटं सोरू तिला? आमचे हिरीचे पाटान सोरली. पाप जाला काय?"

मी तिला टोपलीसकट रिक्षात घातलं.

टॉवरच्या मागे ती विहीर होती. पार्किंगसाठी परशुराम ती बुजवणार होता, काकीने बुजवू दिली नव्हती. पाटातला एक दगड उचलला. जांभळी नांगी. दुसरा उचलला, तिथे दोन. त्या एका आईचं गोकुळ भरलं होतं. मी चिखलातच काकीच्या पाया पडले. इतकं ऋणी मला आयुष्यात कोणाचंच वाटलं नव्हतं.

"अगो ऊठ, लोकं बगतान," काकी संकोचली. मग तिनेच आणखी एक दगड सरकवला. खाली एक बसली होती, पोटाशी पिल्लं घेऊन.

"ने गो. या खेपेला ने."

मी दगड हळूच जागेवर ठेवला.

"राहू दे काकी. माहेरी आहे ती."