कुलूपवाल्याचं पान

आमची सून एका जागी ठरत नाही, म्हणून मीच तिचं नाव भिंगरी ठेवलं. आता माझा मुलगाही बायकोला त्याच नावाने हाक मारतो. तसा तिचा दोष नाही. कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. बसलेलं दिसलं की मुकादम खेकसतो. त्यामुळे ती घरीही उभ्यानेच चहा पिते आणि भांडतेही उभ्यानेच. पिंडऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगल्यात. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. सोडा म्हणायला त्यांचं काय जातं?

एकदा मुलाने मोबाइलवर तिला तिच्याच कारखान्याचे शर्ट दाखवले. ते आता असे घरबसल्या विकले जातात म्हणे. हिने नाक मुरडलं. "कॉलर मी एवढी नीट बसवली आणि फोटो बघा, तिरका. मोबाइलवरची ही पानं बनवतं कोण?"

"शिकलेली माणसं," मुलगा म्हणाला.

"आणि ती कुठे शिकतात?"

तो चेष्टेत कॉलेजचं नाव सांगून मोकळा झाला. ही जाऊन संध्याकाळच्या वर्गात नाव घालून आली.

वर्गात सगळी कोवळी पोरं, हिला काकू म्हणणारी. घरी जुना कॉम्प्युटर आला तो थेट स्वयंपाकाच्या ओट्यावर, कारण बाईसाहेबांना टाइपही उभ्यानेच करायचं. "मग भाजी कुठे चिरायची?" मुलाने विचारलं. "तुमच्या मांडीवर," ही म्हणाली, आणि त्याने खरोखरच महिनाभर मांडीवर ताट घेऊन भाजी चिरली.

मला ती समजावून सांगायची. "आई, पान आधी खुणांनी लिहायचं. इथे मथळा, इथे मजकूर, इथे फोटो. शिवण्याआधी कापड बेततो ना, तसं." एक खूण राहिली की अख्खं पान लोंबायचं. मग ही स्वयंपाकघर ते दार अशा येरझाऱ्या घालायची. मला बघूनच घेरी यायची.

वर्षाच्या शेवटी परीक्षा होती ती अशी: एखाद्या खऱ्या दुकानाचं पान करून आणायचं, आणि घरातलं असं माणूस आणायचं की ज्याने कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. सर त्या माणसाला एक गोष्ट शोधायला लावणार. सापडली तर पास. शिकणाऱ्याने मध्ये चकार शब्द काढायचा नाही. पास झालं की पुढच्या वर्षाची जागा आणि कॉलेजच्याच ऑफिसात खुर्चीवरचं काम. नाहीतर आहेच इस्त्रीचं टेबल.

भिंगरीने गल्लीतल्या कुलूपवाल्याला गाठलं. तो किल्ली घासता घासता म्हणाला, "वहिनी, मला कशाला पान? माणूस दाराबाहेर अडकला की येतोच बोंबलत." तरी त्याने दुकानाचे, किल्ल्यांचे आणि पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत रंगवलेल्या पाटीचे फोटो काढू दिले.

आणि कॉम्प्युटरला हात न लावलेलं माणूस म्हणून माझी वर्णी लागली.

कॉलेजच्या त्या खोलीत गारठा होता. सर म्हणजे दाढी राखलेला पोरगाच, पण अदबीने बोलला. "आजी, तुम्ही घराबाहेर अडकलात. कुलूपवाल्याला बोलवायचंय. त्याचा नंबर शोधा." मी तो माउस धरला. भिंगरी मागे उभी होती, तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

पान उघडलं. वर दुकानाचं नाव, खाली मजकूर. फोटोंच्या जागी मात्र नुसत्या रिकाम्या चौकटी. मी अक्षर अक्षर लावून सगळं वाचलं. दुकान कधी उघडतं ते होतं, घरी येऊन कुलूप उघडून मिळेल तेही होतं. नंबर नव्हता.

मी नंबर सांगितला.

"पानावर कुठे आहे तो?" सरांनी विचारलं.

"पानावर नाही. मला पाठ आहे. किल्ली आत विसरायची माझी खोड जुनी."

सर हसले, पण नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी भिंगरीला चूक दाखवली. फोटो घरच्या कॉम्प्युटरवरच राहिले होते आणि पानाला तिथलाच पत्ता दिला होता. त्यामुळे इथे पान बिचारं आमच्या ओट्यावर फोटो शोधत बसलं. आणि नंबर होता तो फक्त पाटीच्या फोटोत. एवढी छान पाटी असताना वेगळा कशाला लिहायचा, असं हिला वाटलेलं.

"परीक्षा संपली का?" तिने विचारलं.

"घंटेपर्यंत वेळ आहे. पण आजींना आता उत्तर माहीत आहे. दुसरं माणूस लागेल. घरचं नसलं तरी चालेल, पण कॉम्प्युटरला हात न लावलेलं."

ती मला बाजूला सारून उभ्यानेच पानावर नंबर टाइप करू लागली. बोटं चुकत होती, पुसून परत मारत होती. तोवर मी बाहेर गेले आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला दंडाला धरून घेऊन आले. तो वाटेत विचारत होता, "आजी, माझं काय चुकलं?"

त्याने चष्मा चढवला, पडद्याला नाक लावलं आणि नंबर मोठ्याने वाचला. वर खिशातून फोन काढून लावलासुद्धा. पलीकडून कुलूपवाला ओरडला, "कुठे अडकलात? दार लाकडी की लोखंडी?" अख्खा वर्ग खिदळला. भिंगरी सोडून.

सरांनी फोटोंचे गुण कापले आणि काठावर पास केलं. तिने त्यांना विचारलं, "म्हणजे जागा मिळाली? कारखान्यात सांगू?" त्यांनी हो म्हटलं. तिने परत विचारलं. त्यांनी परत हो म्हटलं.

व्हरांड्यात येऊन तिने मुकादमाला फोन लावला. तो पलीकडून बराच वेळ काहीबाही बोलत होता. ही भिंतीवरचा रंग नखाने खरवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "नाही. या महिन्यानंतर नाही येणार." फोन बंद केला आणि माझा हात घट्ट धरला.

"आई, जिन्यावरून सावकाश चला हं," ती म्हणाली. "माझेच पाय लटपटतायत."