मागचा पसारा

सकाळी हिर्डोशीहून मामीच्या नातवानं तिचा जुना फोटो मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "वर्षश्राद्धाला लावतोय. मागचा पसारा ब्लर केलाय."

माझं डोकंच फिरलं.

तो फोटो माझ्या जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यातला. त्याच्या वरच्या काचेत मान खाली घालून बघावं लागायचं. मामा काही मामीशेजारी उभे राहीनात. ओट्यावर त्यांचे वडील बसलेले, त्यांच्यादेखत बायकोसोबत फोटो काढायची रीत नव्हती. ते मागं खळ्यावर नाचणी झोडपत राहिले. काचेत त्यांचा नुसता पुसट डाग दिसत होता.

"ह्येंला बी घे की," मामी ओठ न हलवता पुटपुटली.

मी लेन्सचं छिद्र बारीक केलं आणि फोटोत काय काय स्पष्ट येणार ते आधीच दाखवणारी कळ दाबली. काच अंधारली, आणि त्या अंधारात मामा उमटले. टोपीवर भुसा, हातात दांडका, आणि नजर चोरून मामीकडं.

दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो.

मी नातवाला फोन लावला. रागानं माझी गावची बोली वर आली.

"पसारा कुणाला म्हणतोस? तुजा आजा हाय त्यो."