नलूबाईंचे गंज

सेलूच्या बाजारात वासुदेवरावांचं भांड्यांचं दुकान आहे. विकलेल्या भांड्यावर मशीननं नाव टाकून देण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. किती नवराबायकोंची नावं त्यांनी ताटांच्या काठावर शेजारी शेजारी बसवली असतील! ते स्वतः मात्र बायको नलूबाई गेल्यापासून एकटे. मूलबाळ नाही. बोलणं उरलं ते गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यापुरतं.

आम्ही गावकऱ्यांनी मिळून एक संस्था काढली आहे. कुणीही आपल्या माणसाच्या नावानं तिच्यात निधी ठेवावा. मुद्दल तसंच राहतं, व्याजातून गावाचं काम होतं. मी तिचा सचिव, म्हणजे लोकांच्या मागे लागणारा बिनपगारी माणूस. वासुदेवराव आपणहून आले तेव्हा मी चाटच पडलो.

"नलूच्या नावानं ठेवा," ते म्हणाले. "व्याजातून भांडे घ्या. लग्नाले कोनाले भाड्यानं आना नाई लागले पाहिजे. तिले पंगतीत वाढाचा लय शौक होता. तिचं नाव लग्नाघरी फिरलं पाहिजे, बस."

भाजी-वरणाचे मोठे गंज आले, पराती आल्या, वाढायच्या बादल्या आल्या. प्रत्येकावर त्यांनी स्वतः नाव टाकलं, 'कै. सौ. नलू वासुदेवराव'. रीतच तशी आहे. आणि तिथंच सगळं फसलं. 'कै.' लिहिलेलं भांडं मांडवात कोण नेणार? तेरवीला मात्र लोक हक्कानं न्यायचे. मला भयंकर राग यायचा. अक्षरं वाचून भाजी नासते की काय? पण आमच्याच पुतणीच्या लग्नात बायकोनं भाड्याची भांडी आणली, तेव्हा माझं काही चाललं नाही.

आपल्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. तेरवीच्या घरून ती रिकामीच यायची. वासुदेवराव ती धुतलेली भांडी पुन्हा पुसत बसायचे.

"माही नलू नुसते रडते घरं पाहून राह्यली," एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

यंदा लग्नसराई तोंडावर आली, तशी त्यांनी भांडी पॉलिशच्या चाकावर धरली आणि एकेकावरचं 'कै.' घासून काढलं. राहिलं, 'सौ. नलू वासुदेवराव'.

"हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"खोटं काऊन? नाव तर तिचंच हाय."

लवकरच शेजारच्या हिंगणी गावच्या सुलोचनाबाई लेकीच्या लग्नासाठी भांडी घेऊन गेल्या. परत करायला आल्या तेव्हा मी दुकानातच होतो. एका गंजात बुंदीचे लाडू होते, वर स्वच्छ फडकं.

"लय सोय झाली भाऊ," त्या मला म्हणाल्या. "आमच्या बचत गटातल्या बाया विचारून राह्यल्या, आमच्यासारख्यायनं थोडं थोडं टाकलं तर चालते का तुमच्या निधीत?"

चालतं म्हणजे काय, मी तर त्यांना बसायला खुर्चीच दिली. पण त्यांना घाई होती. निघताना त्या वासुदेवरावांकडे वळल्या.

"अन् हे लाडू नलूबाईले देजा. साऱ्या पंगतीत त्यायचंच नाव निघत होतं. घरीच हायेत ना?"

वासुदेवरावांकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"हाय ना घरी," ते म्हणाले. "देतो."

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि गंज दोन्ही हातांनी धरून ते घरी गेले.