शेजारच्या पलंगावरचा नमस्कार

कोपरीच्या डायलिसिस सेंटरात माझ्या शेजारच्या पलंगावर एक पन्नाशीचा माणूस यायचा. त्याचा एक पाय नकली, तरी मशीन लागायच्या आधी सगळ्या म्हाताऱ्यांच्या वाकून पाया पडायचा. मला वाटायचं, आपला मान आहे. मी ऐटीत आशीर्वाद द्यायचो.

परवा त्याने माझा डावा पाय धरला, तो सोडेचना.

"काका, हा गार पडलाय. डॉक्टरला दाखवा."

"म्हातारपणी पाय गारच असतात रे."

"मग उजवा गरम कसा? आपल्या किडनीवाल्यांच्या पायातल्या रक्ताच्या नसा तुंबतात. माझा असाच गेला."

"म्हणजे दर खेपेला पाया पडायचास, ते..."

"नुसता हात लावू दिला असता का तुम्ही?"

नसता दिला. डॉक्टर येईपर्यंत त्याने पाय सोडला नाही, आणि मीही ओढून घेतला नाही.