दुसऱ्या पायाचा पाला

आमच्या भोरच्या शाळेतल्या शास्त्राच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट पूर्ण केली नाही. ते प्रत्येक गोष्ट अर्धीच करायचे, आणि तीही मुद्दाम. माक्याचं तेल लावायचे ते डोक्याच्या उजव्या बाजूला. डावी बाजू कोरडी. दारातल्या दोन तुळशींपैकी एकीला शेणखत, दुसरीला नुसतं पाणी. "बिनऔषधाची बाजू समोर असल्याशिवाय औषधाची बाजू कळत नाही," असं ते म्हणत. मी त्याच शाळेत कारकून आणि त्यांचा शेजारी. एकदा आम्हा दोघांना एकदमच पडसं झालं, तेव्हा त्यांनी अडुळशाचा काढा करून स्वतः घेतला आणि मला मात्र थेंबभरही मिळू दिला नाही. बिनऔषधाची बाजू मी होतो. ते बरे होऊन कवायतीला गेले तरी मी शिंकत होतो, आणि माझ्या प्रत्येक शिंकेला ते समाधानाने मान हलवत होते.

गावोगावच्या झाडपाल्याने जंतू खरंच मरतात का, हे तपासायचा त्यांना नाद होता. त्यासाठी ते मटणाच्या सुपात जेली घट्ट करणारं चायना ग्रास घालून काचेच्या बश्यांत त्याचा खरवसासारखा थर लावायचे आणि त्यावर जंतू वाढवायचे. सर कांदासुद्धा न खाणारे, त्यामुळे मटण आणायचं काम माझ्याकडे. सूप शास्त्राला जाई आणि उरलेलं मला. संशोधनाला माझा हातभार तो एवढाच. जंतू मुलांच्या गळवांतून मिळत, म्हणून गळू झालेल्या मुलाला त्यांच्या वर्गात पहिल्या बाकाचा मान असे. बश्या उबेला ठेवायच्या त्या विजेचा दिवा लावलेल्या खोक्यात. वीज गेली की सर बश्या शालीत गुंडाळून मांडीवर घेत आणि तसेच बसून गुरुत्वाकर्षण शिकवत.

मार्गासनीच्या एका म्हातारीकडे जखमेवरचा पाला होता. नाव सांगितलं की गुण जातो, म्हणून ती तो पाट्यावर वाटूनच द्यायची. तिच्या नवऱ्याच्या पायाला कुऱ्हाड लागली होती आणि ती रोज तोच पाला बांधत होती. पाला खरा आहे का ते पाहून सांगतो, असं सर तिला कबूल करून आले. पाल्याचा रस स्पिरिटमध्ये काढून त्यात टीपकागदाच्या चकत्या बुडवायच्या, पूर्ण वाळवायच्या, कारण ओलं स्पिरिट स्वतःच जंतू मारतं, आणि मग बशीत ठेवायच्या; जंतू मेले तर चकतीभोवती स्वच्छ कडं दिसतं. शेजारी नुसत्या स्पिरिटची एक साधी चकतीही हवीच. हे सगळं त्या दिवशी माझ्यावर सोपवलं होतं आणि घरी मटण निवत होतं.

दुसऱ्या दिवशी बशीत हे एवढं मोठं कडं! सरांनी मला मिठी मारली. मग त्यांची नजर साध्या चकतीकडे गेली. तिच्याभोवतीही तेवढंच कडं.

"स्पिरिट वाळलं होतं?"

"वाळलं होतं," मी म्हणालो, "बऱ्यापैकी."

त्यांनी सगळं पुन्हा स्वतः केलं. बशीभर जंतू, कडं कुठेच नाही.

आम्ही मार्गासनीला गेलो. म्हातारा खाटेवर तापाने फणफणला होता, पायाची बोटं काळवंडली होती. मी वाटेतच सुचवलं होतं की जरा गोड बोलून सांगा. सरांना ते जमत नसे.

"आजी, तुमच्या पाल्यानं जंतू मरत नाहीत. मी स्वतः पाहिलं. आज दवाखान्यात नेलं नाही तर पाय जाईल."

"माज्या सासूनं लई जणांचं पाय बरं केलं, मास्तर."

"केले असतील."

तिने नवऱ्याच्या पायाचा पाला सोडला. मग म्हणाली, "आन् पाला टाकून दिऊ व्हय?"

सर अडखळले. त्यांना अडखळताना मी प्रथमच पाहत होतो. "टाकू नका. दुसऱ्या पायाला बांधा."

पाला चांगल्या पायाला बांधूनच तिने त्याला एस.टी.त चढवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम साफ केली, इंजेक्शनं दिली आणि चांगल्या पायाला काय झालंय, असं विचारलं. म्हातारीने पदराने तो पाय झाकला.

भात कापणीला आला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. म्हातारा काठी टेकत बांधापर्यंत सामोरा आला. म्हातारीने आमच्यापुढे भाकरी ठेवली. "सुईनं एक पाय वाचिवला," ती म्हणाली, "आन् माज्या पाल्यानं दुसरा राखला. व्हय का न्हाई, मास्तर?"

मी सरांकडे पाहिलं. आता पुरावा मागणार, याची मला खात्रीच होती. सरांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"राखला, आजी," ते म्हणाले, आणि पुढ्यातली भाकरी सगळी संपवली.